कार्यकाळ

कवरत्तीला मी रुजू झालो तो २०१६ च्या मे महिन्यात. पहिल्याच रविवारी बेटाच्या पश्चिमेकडील उथळ, निवांत पाण्यात उतरलो आणि तळाशी पसरलेली पांढरीशुभ्र पोवळी पाहून हरखून गेलो. संगमरवरात कोरलेली बागच ती! घरी तसे पत्रही लिहिले. बरोबरचा वृद्ध कोळी मात्र गप्प होता. पुढच्या खेपेस त्याने मोडक्या हिंदीत सांगितले की, हे दुखणे आहे. ते पत्र आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

पोवळे हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. ते उन्हावर अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. पोवळ्याचा रंगही बव्हंशी या बिऱ्हाडकरूचाच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल उष्णतेहून पाणी अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, म्हणजे हा सहवास मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते आणि पारदर्शक देहातून चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. पांढरे पोवळे मेलेले नसते. ते उपाशी असते. पाणी लवकर निवले तर बिऱ्हाड परत येते. नाही निवले, तर सांगाड्यावर शेवाळ चढते, फांद्याफांद्यांची पोवळी मोडून पडतात आणि त्यांच्या बेचक्यांत राहणारे मासे दिसेनासे होतात. गळाने कुप्याच्या जातीचे मासे धरणारे तिथले कोळी ज्या बारीक जिवंत आमिषावर विसंबतात, तेही याच पाण्यातले. शिवाय बेटाची जमीनच पोवळ्यांच्या चुऱ्याची आणि पावसाळी लाटा अडवणारी भिंतही त्यांचीच.

लक्षद्वीपात हे १९९८ साली घडले, २०१० साली घडले, २०१६ साली मी पाहिले, आणि २०२४ साली पुन्हा घडले. अगत्ती, कडमत व कवरत्ती येथील चोवीस वर्षांच्या पाहणीत जिवंत पोवळ्यांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आल्याचे आढळले. मोडलेले पुन्हा उभे राहायला दहा-दहा वर्षे लागतात, आणि आमचा कार्यकाळ दोन-तीन वर्षांचा! येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी दिसेल त्यालाच मूळ स्थिती समजतो. एवढ्या सावकाश होणाऱ्या हानीबद्दल बदलीच्या माणसावर काही ऋण असते काय?

समुद्र तापवणारा धूर त्या बेटांचा नाही. तो आपल्या शहरांचा आणि त्याहून अधिक दूरच्या धनाढ्य देशांचा आहे. तेव्हा एका अधिकाऱ्याने काय होणार, असे मी स्वतःला समजावीत असे. हे खोटे नव्हते, म्हणूनच ते सोयीचे होते. वर गीतेचा आधारही घेत असे: फळाची आसक्ती नको. पण फळ आपल्याला मिळो न मिळो, असे म्हणणे वेगळे, आणि आपल्या मागे काय उरते ते पाहायचेच नाही, हे वेगळे. पहिला त्याग आहे. दुसऱ्याला आमच्या कचेरीच्या भाषेत ‘फाइल पुढे सरकवणे’ म्हणतात.

करण्यासारखे तेव्हाही होते. शेवाळ चरणारे पोपटमासे आणि त्यांचे भाईबंद भरपूर असले, तर मेलेल्या सांगाड्यावर नवी पोवळी धरायला जागा मोकळी राहते. पूर्वी तिथले कोळी मुख्यतः खोल समुद्राकडे वळलेले असल्याने हे मासे बचावले होते. अलीकडे त्यांनाही गिऱ्हाईक मिळू लागले आहे. कोळ्यांशी बसून बोलायला हवे होते. नांगर कुठे टाकू नये, याची खूण हवी होती. मी त्या वृद्धाचे म्हणणे ऐकले आणि माझ्या नियमित कामाला लागलो.

२०१८ साली चार्ज दिला. यादीत खुर्च्या, कपाटे, किल्ल्या, एक नादुरुस्त होडी, सारे होते. पोवळ्यांचा रकाना नव्हता, आणि तो घालावा हे मला सुचले नाही.

२०२४ ची बातमी दिल्लीत वाचली. त्या रात्री, सहा वर्षे उशिरा, तेथील सध्याच्या अधिकाऱ्यांना दोन पाने लिहिली: २०१६ च्या उन्हाळ्यात कोणत्या भागातली पोवळी पांढरी पडली होती, कोणते गोल, गुंड्यासारखे मोठे पोवळे तगले होते, आणि त्या कोळ्याचे घर कोठे आहे. त्यांचे उत्तर आले आहे. ते पोवळे धक्क्यापासून किती अंतरावर, असे त्यांनी विचारले आहे. मी अंतर कधी मोजले नव्हते.