हजेरीपटावरील रिकामी जागा



जून सरत आला की विदर्भातील शाळा उघडतात. आपल्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणी यंदा प्रथमच शिक्षक म्हणून वर्गात पाऊल ठेवणार आहेत. डी.एड., टीईटी अशा पायऱ्या चढून नेमणुकीचा आदेश हाती आला, याबद्दल त्यांच्या आईवडिलांसह आम्ही देवाचे आभार मानतो. शिक्षणसेवकाची तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढायची आहेत. ती तक्रार खरीच आहे. पण आज आम्हांला हजेरीविषयी बोलायचे आहे.

पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया मग्दालेनाने प्रभू येशूला ओळखले नाही. तिला माळीच वाटला. प्रभूने नावाने हाक मारली तेव्हा तिच्या तोंडून शब्द निघाला, रब्बूनी, म्हणजे गुरुजी! शिक्षकाची ओळख त्या हाकेत झाली. तुम्हीही रोज सकाळी तीस-चाळीस मुलांना नावाने हाक मारणार आहात.

आर्णी तालुक्यातील तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, पोडावरचे कोलामी. त्याची आई ‘याडी’ असते. ते पुस्तकी मराठीला उत्तर देत नाही म्हणून त्याला मठ्ठ ठरवू नका. शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्तिस्ट द ला साल यांनी सतराव्या शतकात फ्रान्समधील गरीब मुलांना लॅटिनऐवजी आधी त्यांच्याच भाषेत वाचायला शिकवले. छडीविषयी काय सांगावे? २००९ च्या कायद्याने ती बंद केली आहे. आणि जिल्हा परिषदेच्या वर्गात प्रवचनही नको. ते काम आमच्याकडे राहू द्या.

दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते, काही कुटुंबे ऊसतोडीला निघतात. वर्गात जागा रिकाम्या दिसू लागतात. तेव्हा कोणी अनुभवी माणूस कानात सांगेल, ‘हजर लिहून टाका. पट घटला तर शिक्षक अतिरिक्त ठरेल, शाळाच बंद होईल.’ हेतू चांगला वाटतो. संत ऑगस्टीन यांनी असत्याचे आठ प्रकार मांडले आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले असत्यही पापच मानले. सेमिनरीत आम्हांला हे फार कठोर वाटे. परंतु ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावरील लाखो मुले वर्गात सापडली नाहीत, तेव्हा त्या कठोरपणाचा अर्थ उमगला. जे मूल कागदावर हजर आहे, त्याला शोधायला कोण जाणार? एका खोट्या खुणेने शाळा कदाचित वाचते. ती मुलगी मात्र धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरीच राहते आणि दोन वर्षांनी तिच्या लग्नाचीच बातमी येते.

म्हणून गैरहजर तो गैरहजरच लिहा, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जा. संत द ला साल यांच्या शाळांतही मूल का येत नाही याची कारणे शोधण्याचा नियम होता. यवतमाळहून अपडाऊन करणाऱ्याला हे जड जाईल, कारण त्याचे अर्धे लक्ष एस.टी.च्या वेळेकडे असते. आठवड्यातून एक गाडी चुकू द्या. दारात गेल्यावर उपदेश करू नका. आईशी बोला, वेचणी कधी संपते ते विचारा, आजी मुलाला ठेवून घेईल का ते पाहा.

पुढील रविवारी मिस्साच्या वेळी नव्या शिक्षकांना आशीर्वाद देण्यात येईल. शाळा सुरू झाल्यावर आपल्या वर्गात न येणाऱ्या मुलाचे फक्त पहिले नाव चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे द्यावे. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत ती नावे दर रविवारी मोठ्याने वाचली जातील.

आपले धर्मगुरू