किल्ल्याआधी बाजार

इंग्लंडच्या पश्चिम टोकाला, वेल्सच्या हद्दीला खेटून, श्रॉपशर नावाचा परगणा आहे. तिथल्या लडलो गावी गेलेला मराठी माणूस बहुधा थेट किल्ल्याची वाट धरतो. दरवाजा, तट, बुरूज, बालेकिल्ला या क्रमाने जुनं गाव बघायची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. तरीही माझं आग्रहाचं सांगणं असं की लडलोला गेल्यावर आधी बाजारात उभं राहावं. किल्ला कुठे पळून जात नाही. बाजार मात्र दुपारनंतर आवरायला लागतो.

किल्ला देखणा आहे यात वाद नाही. टीम नदीच्या वरच्या कड्यावर, अकराव्या शतकाच्या अखेरीस, डी लेसी या नॉर्मन घराण्याने तो उभारला. आतल्या गोल देवळासारखी बांधणी इंग्लंडमध्ये फार थोड्या ठिकाणी उरली आहे. १५०२ मध्ये राजपुत्र आर्थर इथेच वारला. त्याची विधवा कॅथरीन पुढे धाकट्या भावाची, म्हणजे आठव्या हेन्रीची राणी झाली आणि त्या लग्नाच्या मोडतोडीतून इंग्लंडचं धर्मपीठ रोमपासून तुटलं. वेल्स आणि सरहद्दीचा कारभार पाहणारं मंडळ याच किल्ल्यात बसत असे. १६८९ मध्ये ते मंडळ बरखास्त झालं आणि किल्ल्याला काही कामच उरलं नाही. छपरांवरचं शिसं निघालं, बाकीचं पावसाने केलं. सत्ता निघून गेली की दगडसुद्धा किती लवकर हार मानतात, हे इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

दरवाजासमोरचा बाजार मात्र अजून भरतो. आठवड्यातले बरेच दिवस चौकात पालं उभी राहतात. हे गाव किल्ल्याच्या धन्यांनीच बाराव्या शतकात आखून वसवलं. बाजाराचं भाडं आणि जकात हे त्यांचं उत्पन्न होतं. म्हणजे भिंती दिसतात किल्ल्याच्या, पण त्या उभ्या होत्या दुकानदारांच्या पैशावर. चौकातून पूर्वेकडे निघालं की रस्ता एकाएकी चार-दोन बोळांत फुटतो. बोळ इतके चिंचोळे की भरल्या पिशव्या घेऊन दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. मुळात ही सगळी एकच रुंद पेठ होती. भररस्त्यात मांडलेली हातपाय पसरलेली दुकानं हळूहळू उठायची बंद झाली, पालाच्या जागी लाकडी खांब आले, खांबांवर माडी चढली, आणि शेवटी पेठेच्या मधोमध घरांच्या रांगाच उभ्या राहिल्या. कुणा वास्तुविशारदाने त्यांचा आराखडा काढलेला नाही. रोज त्याच जागी येऊन बसण्याच्या चिकाटीने हे बोळ घडवले आहेत. मला हे किल्ल्याच्या कुठल्याही बुरुजापेक्षा जास्त थोर बांधकाम वाटतं. पुढे एकोणिसाव्या शतकात याच चौकात बाजारासाठी मोठी बंदिस्त इमारत उठली आणि १९८० च्या दशकात ती पाडलीही गेली. विक्रेते पुन्हा उघड्यावर आले आणि बाजार चालूच राहिला.

बाजाराचं वजन कळण्यासाठी लडलोहून थोडं उत्तरेला स्टोकसेला जावं. तिथला छोटा किल्ला बांधला तो लॉरेन्स नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने. तेराव्या शतकातली इंग्लंडची खरी दौलत म्हणजे मेंढी, आणि तिच्या लोकरीवर लॉरेन्स इतका वर आला की तो राजाला कर्ज देत असे. १२९१ मध्ये घराला तटाचे कंगोरे लावायची राजाची परवानगी त्याने मिळवली. पण दिवाणखान्याच्या उंच, रुंद खिडक्या पाहिल्या की लक्षात येतं, वेढा सोसण्याचा विचार या घरामागे फारसा नव्हता. आतला जिना अख्ख्या ओंडक्यांतून कापलेल्या लाकडी पायऱ्यांचा आहे आणि तोही मूळ काळातला. इतक्या पिढ्यांचे पाय त्यावरून गेले आहेत! लॉरेन्स १२९४ मध्ये लोकरीच्या जहाजांबरोबर जाताना समुद्रात बुडाला. घर राहिलं. लढाईची वेळ आली ती १६४५ मध्ये, यादवी युद्धात, आणि तेव्हाही किल्ला न लढता स्वाधीन झाला. म्हणून तर तो आज इतका अखंड उभा आहे.

आता लडलोच्या किल्ल्याची मालकी. १८११ मध्ये तो पडका किल्ला राजसत्तेकडून विकत घेतला पोविसच्या अर्लने, आणि आजही तो त्याच घराण्याकडे आहे. हा अर्ल म्हणजे एडवर्ड क्लाइव्ह, रॉबर्ट क्लाइव्हचा थोरला मुलगा. रॉबर्ट याच परगण्यातला, मार्केट ड्रेटन या बाजारगावाजवळ १७२५ मध्ये जन्मलेला. बंगालच्या नवाबाकडून मिळालेल्या जहागिरीचं त्याचं वर्षाचं उत्पन्न सुमारे २७ हजार पौंड होतं आणि हिंदुस्थानातून आणलेल्या पैशावर त्याने श्रॉपशरात वाडे आणि जमिनी घेतल्या. प्लासी आपण शाळेत शिकतो. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह आपल्या विजयदुर्गाखाली फौज घेऊन उतरला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. समुद्रावरून अ‍ॅडमिरल वॉटसनच्या तोफा, जमिनीवरून क्लाइव्ह, आणि सोबतीला दोस्त म्हणून पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. पेशव्यांच्या माणसांच्या आधी किल्ल्यात शिरायची घाई क्लाइव्हने केली, आणि सापडलेली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. ज्या आरमाराची किंमत पुढे साऱ्या कोकणकिनाऱ्याला कळली, ते आपल्याच दोस्तीत बुडालं. लडलोच्या तटावर हात ठेवताना मला हे आठवतं आणि आठवायलाच हवं असं वाटतं. त्याने टीम नदीचं वळण कमी सुंदर होत नाही. पण कुणाच्या पैशाने कुणाचं वैभव जपलं गेलं, हा प्रश्न तिकिटाच्या खिडकीपाशी ठेवून आत जाता येत नाही.

किल्ला विकत घेता येतो, तसा डोंगरही घेता येतो. मात्र त्यावरची वहिवाट इतक्या सहजी विकली जात नाही, आणि इंग्लंडच्या ग्रामीण भागातली मला सर्वांत भावलेली गोष्ट हीच. लडलोच्या पूर्वेला ५३३ मीटर उंचीचा टिटरस्टोन क्ली हा डोंगर आहे. माथ्यावर लोहयुगातल्या तटाचे अवशेष, आणि कुशीत बंद पडलेल्या खाणीच्या काँक्रीटच्या ओसाड इमारती. इथला काळा टणक दगड, डोलेराइट, आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचा भाऊबंद आहे. रस्त्यांसाठी तो दूरवर गेला. या डोंगरावर आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या मेंढ्या पूर्वापार हक्काने चरतात. वायव्येचा लाँग मिंडही तसाच. १९६५ मध्ये तो नॅशनल ट्रस्टने विकत घेतला, पण चराईचे हक्क भोवतालच्या शेतांकडेच राहिले. ऑगस्टमध्ये तिथे हिदरची जांभळी फुलं पसरतात आणि झुडपांत काळसर निळी व्हिनबेरी पिकते. आपल्याकडे करवंदं विकून घरी चार पैसे यावेत, तशी ही फळं वेचून जुन्या काळी पोरांच्या बुटांचा खर्च निघत असे.

फिरायला येणाऱ्याचा हक्क मात्र बराच नवा आहे आणि तो भांडून मिळवलेला आहे. उत्तरेकडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखलेल्या किंडर स्काउट डोंगरावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार मनाई मोडून चढले. त्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि उघड्या डोंगरमाळांवर व गायरानांवर पायी फिरण्याचा सर्वांचा हक्क २००० सालच्या कायद्याने पक्का झाला. आज परदेशी पाहुणासुद्धा कुणाला न विचारता क्लीच्या माथ्यावर जातो, तो या लोकांच्या जोरावर.

पण चालणाऱ्यांचा हक्क आणि चारणाऱ्यांचा हक्क यांत दुसरा जास्त नाजूक आहे. चालायला पाय पुरतात. मेंढ्या राखायला माणसं, कुत्री, शेजाऱ्यांचा मेळ आणि पोट भरण्याइतकी मिळकत लागते. डोंगरावर प्रत्यक्ष कळप सोडणारी शेतं कमी होत चालली आहेत. मेंढ्या फार झाल्या तर हिदर ओरबाडली जाते आणि अगदीच नाहीशा झाल्या तर नेचे नि काटेरी झुडपं माळ गिळतात, म्हणून हे गणित दरवर्षी नव्याने सोडवावं लागतं. पडक्या तटाची डागडुजी पैसे देऊन करून घेता येते. माळाची निगा राखायला मात्र तिथेच राहणारं कुटुंब लागतं, आणि त्या कुटुंबाचा माल विकला जाईल असा जवळचा बाजारही.