पुष्ट वासरू कोठून आले?

वचनाधार : लूक १५:११–३२, योहान २:१–११ व ६:१–१३

उधळ्या पुत्राची गोष्ट आमच्या मंडळ्यांत इतक्या वेळा सांगण्यात आली आहे की, शब्बाथशाळेतील लहान मुलेही ती न अडखळता सांगतात. धाकटा पुत्र दूर देशी गेला, त्याने सर्व उडविले, डुकरे चारली, शुद्धीवर आला, परतला, आणि बापाने धावत जाऊन त्याच्या गळ्यात मिठी घातली. उपदेशक बहुधा येथे थांबतात, आणि ते योग्यच आहे. गोष्टीचा प्राण तेथे आहे. परंतु आज आम्ही वाचकांचे लक्ष त्या गोष्टीतील एका मुक्या जनावराकडे वेधू इच्छितो. बापाने चाकरांस पुष्ट वासरू आणावयास सांगितले. ते वासरू कोठून आले? पुत्र त्याच दिवशी येणार ही वार्ता बापास कोणी कळविली नव्हती. वासरू एका रात्रीत पुष्ट होत नाही, हे आमच्या शेतकरी बांधवांस सांगावयास नको. कोणी तरी त्यास वेगळ्या दाव्याला बांधून, महिनोन्‌महिने मूठमूठ दाणा घालून, आनंदाच्या दिवसाकरिता राखून ठेवले होते. राखून ठेवले होते म्हणूनच त्या संध्याकाळी त्या घरी वाद्ये वाजली, आणि सावकाराच्या दारी कोणास जावे लागले नाही.

हा विषय आज हाती घेण्यास कारण आमचे तरुण. बारावी, आयटीआय किंवा पदवी पदरी पडताच आमच्या गावोगावची मुलेमुली पुण्यास, चाकणास, रांजणगावास कामाकरिता जातात. कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्यात परिचारिका, कोणी दुकानात. वीस-बाविसाव्या वर्षी पहिला पगार खात्यात जमा होतो. ज्याच्या घरी नव्या कपड्याकरिता नाताळाची वाट पाहावी लागत असे, त्याच्या हातात एकदम काही हजार रुपये येतात. त्या वेळी त्यास दोन उपदेश ऐकू येतात. शहर म्हणते, आज जगून घे, पैसे मागाहून हप्त्याने दे. घर आणि उपदेशपीठ म्हणते, खेळ, सहल, चांगले जेवण ही सर्व चैन होय. तोंड मिटून काम कर व पैसे पाठीव. पहिला उपदेश त्यास बुडवितो. दुसरा त्यास आमच्यापासून दूर करतो, आणि मग तो पहिल्याच्याच हाती सापडतो.

त्या गोष्टीतील वडील पुत्र आठवा. तो उधळ्या नव्हता. शेतावर राबत होता. बापाची एक पैही त्याने वाया घालविली नाही. तरी त्याची तक्रार काय? मित्रांबरोबर आनंद करावयास आपणास कधी एक करडूही मिळाले नाही, ही. बापाने तर सांगितले की, जे माझे ते सर्व तुझेच आहे. म्हणजे करडू गोठ्यात होते. ह्यानेच ते कधी मागितले नाही, आणि न मागता मनात कुढत राहिला. धाकट्याने सर्व खर्चिले व त्याच्याजवळ आनंद उरला नाही. थोरल्याने सर्व राखिले व त्याच्याजवळही आनंद नव्हता. आमच्या मंडळ्यांत थोरल्या भावाची संख्या थोडी नाही, आणि त्यांतील कित्येक आमच्या उपदेशकवर्गातही आहेत, असे आम्हांस नम्रपणे म्हणावेसे वाटते. तरुणांच्या सहलीचे नाव निघताच ज्यांच्या कपाळास आठी पडते, त्यांनी वासरू कशाकरिता पोसले होते हे पुन्हा वाचावे.

आमच्या प्रभूने आपले पहिले चिन्ह स्मशानात दाखविले नाही, लग्नघरी दाखविले. काना गावी दगडाचे सहा रांजण होते. आजच्या मापाने प्रत्येकात सुमारे ८० ते १२० लिटर पाणी मावत असावे. एवढा द्राक्षारस त्याने एका खेड्यातील लग्नाकरिता दिला. (ह्यावरून कोणी दारूच्या गुत्त्याचा परवाना काढू नये. ज्या घरी दारू शिरली, त्या घरी ना काटकसर राहते ना आनंद, हे आमच्या वस्त्यांत डोळ्यांनी दिसते.) आणि तोच प्रभू, त्याच शुभवर्तमानात, पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाल्यावर शिष्यांस सांगतो की, उरलेले तुकडे वेचा, काही फुकट जाऊ देऊ नका. जो क्षणात भाकरी वाढवू शकतो, त्यास तुकड्यांची काय गरज? तरी बारा टोपल्या भरल्या. उदार हात आणि तुकडे वेचणारा हात हे एकाच प्रभूचे दोन हात आहेत.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट. भाकरी कोठून विकत घ्याव्या असे प्रभूने फिलिप्पास विचारताच त्याने चटकन हिशेब सांगितला : दोनशे दीनारांच्याही पुरणार नाहीत. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. प्रभूने त्याच्या हिशेबास हसून टाकले नाही. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असे तर त्याने स्वतःच शिकविले. तेव्हा वहीत आकडे मांडणे हे अविश्वासाचे लक्षण होय, ही समजूत सोडून द्यावी.

मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) ह्याचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. ऑक्सफर्ड येथील एका तरुणाचे वृत्त त्याने पुढे एका प्रवचनात नाव न घेता दिले आहे. तो तरुण तो स्वतःच, असे त्याचे चरित्रकार मानतात. त्या तरुणास वर्षाला ३० पौंड मिळत. त्याने २८ पौंडांत निर्वाह केला व २ पौंड गरिबांस दिले. दुसऱ्या वर्षी ६० पौंड मिळाले. निर्वाह २८ पौंडांतच, दान ३२ पौंड. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, चौथ्या वर्षी १२०. निर्वाहाचा आकडा मात्र २८ वरून हलला नाही. पगार वाढला की भूक वाढते, खोली मोठी लागते, फोन नवा लागतो, हा जो जगाचा नियम, तो ह्या तरुणाने मोडला. आमच्या तरुणांनी त्याच्यापासून एवढे घ्यावे : पगार वाढेल त्या महिन्यात खर्च वाढवू नये, निदान सहा महिने तरी थांबावे.

परंतु वेस्लीचे सर्वच घ्यावे असे आमचे मत नाही. १७४८ साली त्याने किंग्जवुड येथे शाळा काढली, तेव्हा मुलांस खेळावयास एकही दिवस किंवा तास देऊ नये, असा नियम केला. जो लहानपणी खेळतो तो मोठेपणीही खेळेल, ही त्याची भीती. आम्ही म्हणतो, खेळेना का! जखऱ्या संदेष्ट्याने यरुशलेमेच्या सुखाचे जे चित्र पाहिले, त्यात रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरलेले आहेत. वेस्लीची थैली आम्हांस पाहिजे, त्याची शाळा नको.

आता कर्जाविषयी. आमच्या ओळखीचा एक तरुण, नाव व गाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारखान्यात लागताच त्याने हप्त्याने फोन घेतला. मग मित्राच्या लग्नात मागे पडू नये म्हणून मोबाइलवरील एका कर्जाच्या अ‍ॅपवरून काही हजार उचलले. ते फेडावयास दुसऱ्या अ‍ॅपवरून उचलले. हे सर्व मौजेकरिता झाले असे लोक म्हणतात. पण त्याची मौज पाहा : तो नाताळास घरी आला नाही. आईस सांगितले, सुटी मिळाली नाही. सुटी होती, हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांनी आईपुढे उभे राहण्याची त्यास लाज वाटली. घरी त्या रात्री त्याचे ताट वाढून ठेवले होते.

आमच्या वृद्धांस शेकडा तीनचे व्याज म्हणजे काय हे पक्के ठाऊक आहे : शंभरास दरमहा तीन रुपये. हाच दर, किंवा ह्याहून अधिक, आज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर पडतो. १०,००० रुपये शेकडा तीनने चक्रवाढ थकत गेले तर बारा महिन्यांनी ते १४,२५० च्या वर जातात, आणि दंड वेगळा. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, व तो वणवा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातही पसरला. ज्यांच्या पणजोबांनी ते दिवस पाहिले, त्यांची पणतवंडे आज सावकारास खिशात घालून फिरतात व त्याचा दर विचारीत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मोबाइलवरील कर्जांविषयी नियम घातले : रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात आली पाहिजे, सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे आधी दाखविले पाहिजे, आणि फोनमधील नातलगांचे नंबर अ‍ॅपने काढून घेता कामा नये. जे अ‍ॅप हे पाळीत नाही त्यास शिवू नये. कोणी छायाचित्रे पसरविण्याची धमकी दिली तर एकट्याने रडत बसू नये. १९३० ह्या क्रमांकावर सायबर गुन्ह्याची तक्रार करिता येते, आणि तत्पूर्वी आपल्या पाळकास सांगावे. पाळकाने ते ऐकताना तोंडावर थोरल्या भावाची मुद्रा आणू नये.

मग आनंद कोठून आणावा? प्रियजनहो, जो आनंद आमच्या दारी उगवतो त्याचीच आम्हांस किंमत नाही. पौषात ज्वारी निसवून दाणा दुधात आला की शेतात आगटी पेटवावी, गुळभेंडीची कोवळी कणसे भाजून तळहातावर चोळावी, आणि लसणाची चटणी, दही व गुळाचा खडा ह्यांबरोबर हुरडा खावा. शहरातील लोक ह्याच हुरड्याकरिता माणशी शेकडो रुपये मोजतात, आणि आमचा तरुण शहरात जाऊन त्यांच्याच हॉटेलात तितकेच रुपये मोजून पाव खातो! कामावरच्या चार मित्रांस एका रविवारी उपासनेनंतर शेतावर आणावे. ज्यांनी त्यास महागड्या मेजवान्या दिल्या, त्यांस ही परतफेड कमी वाटणार नाही. त्या डोंगरावर प्रभूने लोकांस बसविले तेव्हा तेथे पुष्कळ गवत होते, असे योहान मुद्दाम लिहितो. गालिचा नव्हता, एका पोराच्या शिदोरीतील जवाच्या पाच भाकरी होत्या.

पाय धडधाकट आहेत तोवर डोंगर पाहून घ्यावे. कळसूबाईचे शिखर, १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. अकोले तालुक्यातील बारी गावातून वाट चढते, आणि शिदोरीस दोन भाकरी पुरतात. एस.टी. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना १९८८ सालापासूनची आहे. चार किंवा सात दिवसांच्या एका पासावर कितीही गावे पाहता येतात. बहिणींस तर मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.चे निम्मेच भाडे पडते. गायनसंघ, कबड्डी, वाचनालय ह्यांविषयी विस्तार करीत नाही. पेटी व तबला ज्या मंडळीत धूळ खात पडले आहेत, तिने ते तरुणांच्या हाती द्यावे व रात्री उशिरापर्यंत आवाज आला तर खिडकी लावून घ्यावी.

आणि वासरू पोसावयास आरंभ करावा. पगार होताच, खर्चाआधी, दशमांश काढावा, मग घरचे पैसे, मग राखण्याचे, उरेल त्यात महिना काढावा, आणि त्यातही एक लहान रक्कम निव्वळ मौजेकरिता वेगळी ठेवून ती निःशंक मनाने खर्चावी. टपाल कार्यालयात आवर्ती ठेव दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते, मुदत पाच वर्षे. दरमहा ५०० रुपये घातले तर मुदतीअखेर ३०,००० व त्यावरील व्याज मिळते. ज्यास पुढल्याच नाताळाकरिता किंवा बहिणीच्या लग्नाकरिता रक्कम पाहिजे, त्याने बँकेत एका वर्षाची ठेव घालावी. लग्नांविषयी एवढेच सांगतो की, कानाच्या लग्नात रस संपला होता, तरी यजमानाने कर्ज काढल्याचे शुभवर्तमानात कोठे लिहिलेले नाही.

आईबापांसही एक विनंती आहे. मूल दारात येताच काय आणलेस हे विचारू नका. नाताळास अवकाश आहे तोवरच फोन करून सांगा की, रिकाम्या हातांनी ये. ज्या मुलाजवळ भाड्यापुरतेही नसेल असा संशय येईल, त्याचे भाडे मंडळीच्या पेटीतून पाठवावे; आणि ते कोणास पाठविले हे उपदेशकाने पंचायतीच्या बैठकीत वाचून दाखवू नये, वहीत ‘प्रवासखर्च’ एवढेच लिहावे.