इसहाकाच्या विहिरी

शास्त्रभाग : उत्पत्ती २६:१२-३३



अब्राहाम आणि याकोब या दोघांच्या मध्ये इसहाक काहीसा झाकोळून जातो. तरीही पवित्र शास्त्राने एक काम आवर्जून त्याच्या नावावर नोंदले आहे, ते म्हणजे विहिरी उकरणे. बापाच्या काळातील विहिरी पलिष्ट्यांनी माती लोटून बुजवल्या होत्या. मुलाने त्या मोकळ्या केल्या व बापाने ठेवलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. पुढे त्याच्या चाकरांनी नव्या विहिरी खणल्या, तेव्हा गरारच्या गुराख्यांनी पाण्यावर हक्क सांगितला. पहिल्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे तंटा. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. 'सैतान' हा शब्द त्याच धातूचा आहे. तिसरीवर कोणी भांडले नाही. ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

या अध्यायाचे एकोणिसावे वचन भाषांतरकाराला सुखावणारे आहे. तेथे मूळ इब्रीत 'जिवंत पाणी' असा शब्दप्रयोग आहे, आणि आपला शेतकरीही विहिरीला 'जिवंत झरा' लागला असेच म्हणतो. येथे मराठीला काही उसने घ्यावे लागत नाही.

हा तंटा केवळ गरारच्या खोऱ्यातला नव्हे. छत्तीसगडातील दुर्ग शहर शिवनाथ नदीच्या काठी वसले आहे. शेजारच्या भिलाईत पोलादाच्या कारखान्यामुळे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. १९९८ साली, दुर्ग मध्य प्रदेशात असताना, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरांचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे सोपवण्यात आला. नदीत जाळे टाकण्यास व घाटावर उतरण्यास मज्जाव होतो, अशी काठच्या गावकऱ्यांची तक्रार होती. पिढ्यानपिढ्या जिच्यात डुंबलो त्या नदीचा मालक कोण, हा प्रश्न तेथील कोळ्यांपुढे अचानक उभा राहिला. आंदोलने झाली. छत्तीसगड राज्य झाल्यावर तेथील विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ साली हा करार रद्द करण्याची शिफारस केली. कराराची मूळ मुदतही आता उलटून गेली आहे. परंतु देशात या प्रकरणाची आठवण पाण्याच्या खाजगीकरणाचा पहिलावहिला धडा म्हणून अजून काढली जाते.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. इसहाक भांडला नाही, पुढे सरकला. म्हणून शिवनाथच्या कोळ्यांनीही निमूट सरकावे, असा उपदेश कोणी करील. तो शास्त्राला धरून होणार नाही. सोळावे वचन पाहा. अबीमलेख स्वतःच कबूल करतो की, इसहाक त्याच्या लोकांहून प्रबळ झाला आहे. ज्याच्याजवळ बळ, कळप व चाकर आहेत त्याने सरकणे हा त्याग होय. ज्याच्याजवळ नदीवाचून काहीच नाही त्याला सरकायला सांगणे हा निव्वळ अन्याय आहे.

आपल्या तरुण संघांत पाण्याविषयी शिकवले जाते ते बहुधा 'नळ बंद करा' एवढेच. फलक रंगवले, फेरी काढली, फराळ झाला, घरी गेलो! इसहाकाचे शिक्षण निराळे होते. विहीर कोणी खणली, कोणी बुजवली व तिचे नाव काय, हे त्याला ठाऊक होते, आणि मग माती उपसली गेली.

असे शिक्षण महाराष्ट्राने पाहिले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी गावांत आयुष्य वेचले. १९९३ साली तेथे उभ्या राहिलेल्या 'वॉटर' या पाणलोट संस्थेचे ते एक संस्थापक. पाणलोटाचे काम बाहेरून आणून द्यायचे नाही, गावाने आधी श्रमदानाने आपली तयारी दाखवायची, ही त्यांच्या कामाची रीत. पुढे २०१६ साली पानी फाउंडेशनने वरुड, कोरेगाव व अंबेजोगाई या ३ तालुक्यांत स्पर्धा घेतली. गावाने आपली माणसे प्रशिक्षणाला धाडायची व त्यांनी परत येऊन गाव उभे करायचे. ११६ गावे उतरली. पहिली आली कोरेगाव तालुक्यातील वेळू.

प्रशिक्षणातले एक साधन मला फार आवडते. दोन काठ्या आणि त्यांना बांधलेली, पाणी भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेवर आले की समजावे, जमीन समपातळीत आहे. त्या रेषेवर चर खणावा, म्हणजे उतारावरून धावणारे पावसाचे पाणी थांबते व मुरते. दोघे लागतात, दोघांनाही वाकून पाहावे लागते. चर मात्र शेजाऱ्याच्या बांधापाशी थांबून चालत नाही; तेथे त्या शेजाऱ्याशी बोलावेच लागते, आणि पुढारीपणाचा खरा कस तेथेच लागतो.

पाळकांनो, वडीलजनांनो, येत्या उन्हाळी शिबिरात तरुणांच्या हाती ही नळी द्या. आपल्या मंडळीच्या आवारातील जुनी विहीर शोधायला त्यांना सांगा. कदाचित ती कचऱ्याने बुजली असेल, व तो कचरा पलिष्ट्यांनी नव्हे, आपणच टाकला असेल. मुलांनी तसे तोंडावर म्हटले, तर रागावू नका. विहिरीला पाणी लागले, तर भिंतीपलीकडच्या वस्तीची घागर तिच्यात उतरणार की नाही, याचा निर्णयही त्यांच्यासमोर बसून करा.

अध्यायाच्या शेवटी अबीमलेख स्वतः चालत इसहाकाकडे येतो. दोघे एकत्र जेवतात, सकाळी शपथ वाहतात, आणि शांतीने निरोप घेतात. त्याच दिवशी इसहाकाचे चाकर वर्दी घेऊन येतात की, विहिरीला पाणी लागले.