ऐक्य आणि विरघळणे



या पानांवर आपण एरवी एखादे वचन समोर ठेवतो आणि त्याचा अर्थ आपल्या जगण्याला कुठे लागतो ते पाहतो. आज मी वचन न घेता एका जपानी चित्रमालिकेचा शेवट घेऊन आपल्यापुढे आलो आहे. मठाच्या मासिकात हा विषय कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. थोडा धीर धरावा. ज्या प्रश्नाने ही मालिका संपते, तो प्रश्न आपल्या षट्स्थलाच्या अगदी शेवटच्या पायरीशी येऊन उभा राहतो. शिवाय तो माझ्या घरातच उभा राहिला, म्हणून तो टाळण्याची सोय मला उरली नाही.

आम्ही मांद्र्याला राहतो. गेल्या उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला आणि पुढे कोणती शाखा घ्यायची यावरून माझा मुलगा व नातू यांच्यात बिनसले. बोलणे बंद झाले. नातू खोलीचे दार लावून रात्र-रात्र मालिका पाहत बसे. आपल्याकडे अशा वेळी वडीलधारे जे सांगतात तेच मी त्याला सांगितले, "बाबा, मीपण सोड. बापाशी लीन हो. मी-तूपण गेले की दुःखही गेले." त्याने मान वर केली आणि शांतपणे विचारले, "आजोबा, माझ्याकडे सोडायला 'मी' आहेच कुठे? आणि सगळ्यांचे मीपण एकदम गेले तर काय होते, ते यात दाखवले आहे. बघता?"

मी पाहिले. सव्वीस भाग आणि वर एक चित्रपट, पंधरा दिवसांत.

मालिकेचे नाव 'निऑन जेनेसिस एव्हान्गेलिऑन'. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो, निर्मिती गायनाक्स या संस्थेची. जपानी दूरचित्रवाणीवर ती ऑक्टोबर 1995 ते मार्च 1996 या काळात दाखवली गेली. 2019 साली नेटफ्लिक्सने ती जगभर उपलब्ध केली, म्हणून आमच्या नातवाच्या हाती लागली. वरवर पाहता गोष्ट प्रचंड यंत्रमानवांच्या लढायांची आहे. शिंजी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा असतो. आई लहानपणीच एका प्रयोगात नाहीशी झालेली. बापाने त्याला दूर ठेवलेले, आणि काम पडले तेव्हाच बोलावून घेतलेले. 'यंत्रात बस, नाहीतर परत जा,' एवढेच बापाचे बोलणे. हा मुलगा लढतो तो शूर म्हणून लढत नाही. नाही म्हटले तर आपल्याला कोणी जवळ ठेवणार नाही, या भीतीने तो लढतो.

मालिकेतील कल्पना अशी की प्रत्येक माणसाभोवती हृदयाची एक अदृश्य भिंत असते. तिच्यामुळे मी हा मी आणि तू हा तू. तिच्यामुळेच एकाकीपण, गैरसमज आणि दुखावणे. शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाने 1851 साली सांगितलेला साळिंदरांचा दृष्टांत मालिकेत आणला आहे. थंडीत साळिंदरे उबेसाठी जवळ येतात तर काटे टोचतात, लांब जातात तर गारठतात. यावर मूठभर वृद्ध सत्ताधारी गुप्तपणे एक उपाय योजतात. त्याला 'मानवपूरण योजना' म्हणता येईल. सर्व भिंती एकाच वेळी पाडायच्या, सर्व माणसे एका सागरात विरघळवायची. मग एकटे कोणीच नाही, म्हणून दुःखही नाही. शिंजीच्या बापाला या योजनेतून आपली हरवलेली पत्नी पुन्हा भेटायला हवी असते.

आता शेवट. शेवट दोन आहेत, आणि दोन्ही कोड्यासारखे. मालिकेच्या अखेरच्या दोन भागांत लढाई दिसतच नाही. सारे शिंजीच्या मनात घडते. तो स्वतःला प्रश्न विचारतो, इतर पात्रे त्याला प्रश्न विचारतात, आणि अखेरीस मी इथे असलो तरी चालेल, असे त्याला उमगते. सर्वजण भोवती उभे राहून टाळ्या वाजवतात, अभिनंदन करतात. संपले. जगाचे काय झाले, योजना फळली की फसली, काही नाही. प्रेक्षक खवळले. जुलै 1997 मध्ये 'द एंड ऑफ एव्हान्गेलिऑन' हा चित्रपट आला, त्यात बाहेरची घटना दाखवली. शिंजी निराशेच्या टोकाला जातो, माणसे खरोखर विरघळतात, समुद्र तांबडा होतो. त्या एकाकार अवस्थेत शिंजी विचार करतो आणि परत फिरण्याचे ठरवतो. पुन्हा दुखावले जाऊ, तरीही माणसे वेगळी असू देत. मग तो किनाऱ्यावर जागा होतो. शेजारी असुका ही मुलगी. तो तिचा गळा आवळू लागतो. ती हात वर करून त्याच्या गालावरून फिरवते. तो रडू लागतो. ती किळस सांगणारा एक शब्द उच्चारते. इथे पडदा.

वाचकहो, आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतारी नाटक होते. रात्रभर कितीही गोंधळ माजला तरी पहाटे दैत्य मरतो, दहीकाला होतो, आणि माणूस निश्चिंत घरी जातो. त्या सवयीच्या माणसाला हा कसला शेवट, असेच वाटेल. मलाही वाटले. पण वचनांच्या अभ्यासकाला उघड्या अर्थाचे भय वाटण्याचे कारण नाही. अल्लमप्रभूंची बेडगिन वचने, म्हणजे कूटवचने, आपण वाचतोच. त्यांवर टीकाकारांनी आपापल्या परीने अर्थ लावले, आणि तरी वचन शिल्लक राहिले. म्हणून या शेवटाकडेही तसेच पाहू.

काही म्हणतात, शेवटचे भाग करायला वेळच उरला नव्हता म्हणून ते असे झाले. घाई झाली होती हे खरे. पण घाईत माणूस काय बोलला, हा प्रश्न त्याने मिटत नाही. उलट घाईत तोंडून जे निघते ते पुष्कळदा मनातलेच असते. आन्नो स्वतः ही मालिका करण्यापूर्वी काही वर्षे खिन्नतेच्या आजारातून गेले होते. दुसरे काही म्हणतात, चित्रपट म्हणजे रागावलेल्या प्रेक्षकांना दिलेली चपराक. तसा काही अंश असेलही. मला मात्र असे वाटते की दोन शेवट ही एकाच वाक्याची दोन अर्धी आहेत. पहिले अर्धे म्हणते, मी असू शकतो. दुसरे अर्धे म्हणते, तूही आहेस, आणि तू माझ्या मनासारखी नाहीस. असुकाने तिथे गोड शब्द उच्चारला असता, तर ती शिंजीच्या स्वप्नातली बाहुली ठरली असती. तिने त्याला नको असलेला शब्द उच्चारला, म्हणजे ती खरोखर दुसरी आहे. तिचा हात आणि तिचा शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. आपल्या घरातली माणसे तरी कधी पूर्ण जुळतात?

शेवटच्या भागाच्या नावातही एक खोच आहे. जगाच्या मध्यभागी 'आय' असे ओरडणारा पशू, असे ते नाव. हा शब्द जपानी लेखनात अशा लिपीत लिहिला आहे की इंग्रजीतला 'मी' घ्यावा की जपानीतले 'प्रेम', हे वाचणाऱ्याने ठरवावे. मराठी कानाला तिसरा अर्थ ऐकू येतो, आई. आणि हा मुलगा जन्मभर ओरडत असतो ते या तिन्हींसाठीच.

आता आपल्या दाराशी येऊ. आपण म्हणाल, लिंगांग सामरस्य म्हणजे तरी काय? भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि शेवटी ऐक्य. कापूर अग्नीत जातो तेव्हा मागे राख राहत नाही, असा दृष्टांत आपणच देतो. मग त्या वृद्धांची योजना आणि शरणांचे ऐक्य यांत फरक कोणता? हा आक्षेप हलका नाही. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मला तीन फरक दिसले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला फरक असा. कापूर आपला आपण अर्पायचा असतो. दुसऱ्याचा कापूर त्याला न विचारता पेटवणे, याला अर्पण म्हणत नाहीत. त्या योजनेत कोणालाही विचारलेले नाही. शरणमार्गात तर गुरू दीक्षा देतो तेव्हा इष्टलिंग प्रत्येकाच्या स्वतःच्या तळहातावर येते. एकाचे लिंग दुसऱ्याने पुजून चालत नाही. ऐक्याच्या वाटेची सुरुवातच अशी एकेकट्याच्या तळहातावर होते.

दुसरा फरक क्रमाचा. षट्स्थलात भक्ताची श्रद्धा, त्यानंतर लगेच महेशाची निष्ठा, आणि अगदी शेवटी ऐक्याचे सामरस्य. निष्ठा म्हणजे ठाम उभे राहणे. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो महेशस्थलावर उभाच राहू शकत नाही. मग त्याने सहाव्या पायरीवर उडी कशी मारावी? ज्याच्याकडे धन आहे त्याने दान करावे. ज्याचा खिसा कापला गेला आहे त्याला 'दान कर' म्हणणे ही थट्टा होते. फुगलेल्या अहंकाराला 'मीपण सोड' हे औषध आहे. चेपल्या गेलेल्या मुलाला तेच सांगणे हा त्याच्यावर आणखी एक घाव आहे.

तिसरा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. कल्याणच्या अनुभवमंटपात माणसे एक झाली, पण गप्प झाली नाहीत. परीट माचय्या, नावाडी चौडय्या, दोर वळणारे चंदय्या, प्रत्येकाचे कायक वेगळे, बोलणे वेगळे. अक्कमहादेवी आल्या तेव्हा अल्लमप्रभूंनी त्यांना कठोर प्रश्न विचारले, आणि त्यांनी तितकीच चोख उत्तरे दिली, असे परंपरा सांगते. आयदक्की मारय्यांची कथा आपण जाणताच. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून यायला सांगितले. विचार करा, पती-पत्नी त्या तांबड्या सागरासारखी विरघळून एक झाली असती, तर मारय्यांची चूक कोणाला दिसली असती? लक्कम्मा दुसऱ्या होत्या म्हणून त्यांना दिसले. त्या दुसऱ्या होत्या, म्हणूनच ते दांपत्य शरणमार्गावर एक राहिले.

कोणी म्हणेल, जपानी कलावंताच्या मनात यातले काही नव्हते, तुम्ही आपले तत्त्वज्ञान त्याच्या गळ्यात बांधता. मान्य आहे. त्याला शरण ठरवण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्याच्या प्रश्नाने मला माझ्या उपदेशातली खोट दाखवली, एवढे ऋण मी मान्य केले पाहिजे. मीपण सोड, असे मी नातवाला म्हणालो तेव्हा मला खरोखर काय हवे होते? घरातली कटकट थांबावी, एवढेच. मला शांतता हवी होती आणि तिला मी सामरस्याचे नाव दिले. त्या मूठभर वृद्धांनी तरी दुसरे काय केले होते?

आमच्या मांद्र्याच्या किनाऱ्याला जाताना आधी एक ओहळ लागतो. त्यावर बांबूचा साकव आहे. ओहळ बुजवला तर साकव लागणार नाही, हे खरे. पण मग दोन काठही राहणार नाहीत, आणि पावसाचे पाणी आपली वाट दुसरीकडे, कोणाच्या तरी घरातून काढील. मी नातवाला त्या साकवावर नेले आणि माझा शब्द मागे घेतला. म्हटले, "तुझे मीपण आधी उभे कर. सोडायचे की नाही ते तू पुढे ठरव." मुलाला इतकेच सांगितले, "त्याला काय हवे ते विचार, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नकोस."

त्यानंतर दोघे गळ्यात पडले, असे सांगितले तर ते दशावतारी नाटक होईल. ते अजून भांडतात. पण आता भांडताना एकमेकांकडे पाहतात, आणि खोलीचे दार उघडे असते.

आन्नो यांनी ही कथा पुढे नव्याने चार चित्रपटांत सांगितली. 2007 साली सुरू झालेले ते काम मार्च 2021 मध्ये संपले. त्या शेवटच्या चित्रपटात मुलगा बापासमोर बसतो आणि लढण्याऐवजी त्याचे ऐकून घेतो. तेव्हा कळते, बापही तसाच एकटा मुलगा होता. मग मुलगा एकेकाला निरोप देतो, आणि शेवटी एका साध्या रेल्वे स्थानकातून बाहेर धावत जातो. ते स्थानक आन्नो यांच्या जन्मगावचे, उबे शहरातले. चित्र हळूहळू संपून खरे गाव दिसू लागते. पंचवीस वर्षांनी हा कलावंत जिथे पोचला ते ठिकाण सागरात विरघळण्याचे नाही, रोजच्या रस्त्याचे आहे. आपले कायकही त्याच रस्त्यावर असते.

तांबड्या सागरातून बाकीची माणसे परत आली का? 1997 चा चित्रपट ते सांगत नाही. ज्याला स्वतःचे रूप मनात आणता येईल तो परत येऊ शकेल, एवढेच सुचवतो. मलाही ते तसेच सोडावेसे वाटते. आपल्यापैकी ज्यांच्या घरात एखादे दार बंद आहे, त्यांनी आज रात्री दारापलीकडच्या माणसाला उपदेश करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मला याच्याशी ऐक्य हवे आहे, की हा वेगळा आहे याचाच मला त्रास होतो आहे?

शरणु शरणार्थी.