कोऱ्या प्रतीचा मोह

पुस्तकसंग्रहाविषयी हल्ली जे बोलले-लिहिले जाते ते लिलावाच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इयान फ्लेमिंगचे नाव त्यात हमखास असते. जेम्स बाँडची पहिली कादंबरी ‘कॅसिनो रोयाल’ लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशनसंस्थेने १३ एप्रिल १९५३ रोजी काढली. पहिल्या छपाईत ४,७२८ प्रती निघाल्या, किंमत होती साडेदहा शिलिंग. आज मूळ वेष्टनासह चांगली प्रत हवी असेल तर लाखो रुपये मोजावे लागतात. हे ऐकून ऐकणारा थक्क होतो आणि चर्चा आटोपते. पैशांची भाषा मला खटकत नाही. खटकते ते हे, की एवढी किंमत नेमकी कशाची दिली जाते हे कोणी विचारत नाही.

गुंतवणूक म्हणून पुस्तके घेणाऱ्यांशी माझा वाद नाही, त्यांचा विषय पुस्तक नाहीच. मजकूर स्वस्त आवृत्तीत मिळत असताना पहिल्या आवृत्तीचा हट्ट कशाला, असे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की २०२३ साली बाँडच्या कादंबऱ्या पुन्हा निघाल्या तेव्हा त्यांतले वर्णवाचक शब्द आणि काही वर्णने बदललेली होती. ते बदल योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न; पण मजकूर एकच असतो ही समजूत तिथेच संपते.

ज्या मताचा समाचार घ्यायला हवा ते मत या दोघांचेही नाही. ते जाणत्या संग्राहकांचे आणि विक्रेत्यांचे आहे, आणि म्हणूनच ते जास्त नुकसान करते. ते म्हणतात: प्रत जितकी कोरी तितकी खरी. प्रकाशकाच्या हातून पुस्तक बाहेर पडले त्या दिवशी ते जसे होते तसेच ते आपल्यापर्यंत यावे. वाचकाचे नाव, चहाचा डाग, ग्रंथालयाचा शिक्का हे सारे दोष. इंग्रजी पुस्तकांच्या व्यापारात ग्रंथालयातून आलेली प्रत हे वर्णनच किंमत पाडायला पुरते.

या मतात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. ‘कॅसिनो रोयाल’च्या वेष्टनाची कल्पना स्वतः फ्लेमिंगची होती, आणि कागदी वेष्टन ही पहिल्यांदा फाटणारी, पहिल्यांदा फेकली जाणारी गोष्ट. ते कसे दिसत होते हे कळायला धड प्रत लागतेच. पण त्यासाठी चार-दोन प्रती पुरतात. उरलेली प्रत्येक प्रत तशीच असावी, हा आग्रह कशासाठी?

शिवाय हा आग्रह स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही. किमतीचा मोठा भाग वेष्टनात असल्यामुळे एका प्रतीचे चांगले वेष्टन दुसऱ्या प्रतीच्या चांगल्या बांधणीवर चढवले जाते. फाटलेल्या कडा जोडल्या जातात, उडालेला रंग भरला जातो, शिक्के पुसले जातात. म्हणजे जी प्रत सर्वांत अस्सल म्हणून कपाटात बसते ती पुष्कळदा त्या रूपात कोणत्याही दुकानात कधी नव्हतीच. अस्सलपणाच्या नावाखाली दोन प्रतींचा खरा इतिहास पुसून तिसरीच प्रत तयार होते. आणि समजा, एखादी प्रत खरोखरच अस्पर्श आहे. मग ती काय सांगते? कोणीतरी एक रहस्यकादंबरी विकत घेतली आणि ती वाचली नाही, एवढेच. या साहित्यप्रकाराविषयी याहून कमी सांगणारा पुरावा शोधून सापडणार नाही.

फ्लेमिंग स्वतः मोठा संग्राहक होता, हे बाँडच्या चाहत्यांनाही सहसा ठाऊक नसते. १९३०च्या दशकात, बाँडचा पत्ताही नसताना, त्याने पर्सी म्यूर या जाणत्या पुस्तकविक्रेत्याच्या मदतीने अशा पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायला सुरुवात केली, ज्यांनी जगात काहीतरी नवे सुरू केले. डार्विनचा ‘ओरिजिन’ त्यात होता, कम्युनिस्ट जाहीरनामा होता. १९६३ साली लंडनमध्ये छपाईने मानवी विचारांवर केलेल्या परिणामाचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा फ्लेमिंगने त्याला ४४ पुस्तके दिली होती. हा संग्रह आज अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात आहे. पुस्तक जमवायचे ते त्याने काय सुरू केले म्हणून, ही त्याची दृष्टी मला आजच्या लिलावी चर्चेपेक्षा फार वरची वाटते.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. डार्विनचे पुस्तक आणि बाँडचे पुस्तक दोन वेगळ्या अर्थांनी काहीतरी सुरू करतात. डार्विनच्या बाबतीत घटना लेखकाची आहे. १८५९ साली विचार छापला गेला, तारीख पडली. तुमच्या हातातली प्रत कोणी उघडली की नाही याने त्या घटनेत काही उणे होत नाही. रहस्यकादंबरीची घटना वाचकांची असते. ‘कॅसिनो रोयाल’ छापली गेली त्या दिवशी काहीही घडले नाही. घडले ते पुढे हळूहळू, हजारो लोकांनी ती एका बैठकीत संपवून दुसऱ्याच्या हातात दिली तेव्हा. डार्विनची कोरी प्रत पूर्ण पुरावा ठरेल. फ्लेमिंगची कोरी प्रत अर्धाही ठरत नाही.

आणि हे हात कोणाचे होते? त्या ४,७२८ प्रतींपैकी पुष्कळ प्रती सार्वजनिक ग्रंथालयांकडे गेल्या. त्या काळच्या ब्रिटनमध्ये साडेदहा शिलिंग देऊन कादंबरी विकत घेणारे थोडे. बाकीचे ती ग्रंथालयातून नेत किंवा बूट्स, डब्ल्यू. एच. स्मिथ अशा दुकानांच्या वर्गणीच्या लायब्ररीतून. स्मिथची लायब्ररी १९६१ साली आणि बूट्सची १९६६ साली बंद पडली. त्या वाचनपद्धतीची खूण आता उरली आहे ती पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या परतीच्या तारखांच्या चिठ्ठीत. एकीखाली एक पडलेले शिक्के वाचले तर पुस्तक दर आठवड्याला बाहेर जात होते की सहा महिने फळीवर पडून होते, सिनेमा आल्यावर मागणी वाढली का, हे कळते. नेमकी हीच चिठ्ठी खरवडून काढून प्रत ‘सुधारली’ जाते.

मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि छोटू घरोघरी पोचले ते बहुतांशी सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांतून. तिथे पुस्तक आले की त्याला जाड पुठ्ठा चढे, पाठीला कापडी पट्टी लागे, पहिल्या पानावर आणि मधल्याही पानांवर शिक्का बसे. आज हाती लागणारी प्रत अनेकदा अशीच असते. तीही आता ‘मूळ मुखपृष्ठ नाही’ म्हणून बाजूला टाकली जाऊ लागली आहे. मुखपृष्ठ जपले गेले असते तर मलाही आनंदच झाला असता. पण तो पुठ्ठा आणि तो शिक्का काढला तर मराठीत लाखो माणसे वाचनाला कशी लागली याचा हातात धरता येईल असा पुरावा फारसा उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पहिल्या आवृत्तीचे महत्त्व ते काय? वाचलेली प्रतच हवी असेल तर तिसऱ्या छपाईची का नको, १९५५ पासून निघालेल्या पॅन या प्रकाशनसंस्थेच्या स्वस्त कागदी बांधणीतली का नको? हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचा परिणामही मान्य आहे. बाँड खऱ्या अर्थाने लोकांचा झाला तो पॅनच्या आवृत्त्यांनी. त्यांपैकी मधून दुमडलेली, कोणाच्या तरी कोटाच्या खिशात राहून गोलावलेली प्रत संग्रहात असायलाच हवी. पहिल्या छपाईचे महत्त्व एवढेच, की तिच्यावरचे शिक्के सर्वांत आधीचे असतात: सिनेमाच्या आणि कीर्तीच्या आधी, कोणी सांगितलेले नसताना ज्यांनी ते पुस्तक उचलले, त्यांचे. म्हणून शिक्क्यांनी भरलेली, वेष्टन गमावलेली १९५३ची ग्रंथालयीन प्रत मी वेष्टनासकट कोऱ्या प्रतीच्या वर ठेवीन, आणि सूचीत तिच्या परतीच्या तारखा एकूण एक नोंदवीन.