वाळूची साक्ष आणि संशयाचा धर्म

संशय हा ज्ञानाचा शत्रू होय, असा सर्वसाधारण समज आहे. न्यायशास्त्राचे मत निराळे आहे. गौतमांनी सांगितलेल्या सोळा पदार्थांत संशयाचीही गणना आहे; कारण संशयावाचून विचारास प्रारंभच होत नाही. तिन्हीसांजेला दुरून दिसणारी आकृती खांब की मनुष्य, हा शास्त्रातील प्रसिद्ध दृष्टांत. उंची दोघांनाही असते. म्हणून केवळ उंचीवरून निर्णय होत नाही. परंतु निर्णय होईपर्यंत मनुष्याने वागावे कसे?

ह्या प्रश्नाचे बोधप्रद उदाहरण भूविज्ञानात आढळते. किनाऱ्यापासून आत, जमिनीखालच्या चिखलात, कोठे कोठे समुद्राच्या वाळूचा थर सापडतो. तो वादळाने आणला की त्सुनामीने? वादळाच्या लाटा तासन्‌तास लागोपाठ आदळतात. त्यांची वाळू बहुधा किनाऱ्यालगत जाड साचते व तिच्यात अनेक बारीक पदर दिसतात. त्सुनामीच्या लाटा मोजक्या, पण लांबलचक; सपाट प्रदेशात त्यांचा पातळ थर कित्येक किलोमीटर आत जातो आणि त्यात खालच्या जमिनीची उपटलेली ढेकळे सापडतात. तथापि ह्यांतील एकही खूण एकटी निर्णायक नाही. नैयायिक अशा खुणेला अनैकान्तिक हेतू म्हणतील. अनेक खुणा एकत्र जुळल्या, तरच अनुमान उभे राहते.

जपानातील सेंदाईच्या मैदानात असे अनुमान उभे राहिले होते. इ. स. ८६९ मध्ये तेथे भूकंपानंतर समुद्र आत शिरून सुमारे हजार माणसे बुडाली, असे तत्कालीन राजवृत्तांत सांगतो. भातशेतांखाली त्या काळची वाळू सापडली, तिच्यावर इ. स. ९१५ च्या ज्वालामुखीची राख असल्याने काळही ठरला. जून २००९ मध्ये भूशास्त्रज्ञ युकिनोबु ओकामुरा यांनी फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राच्या शासकीय परीक्षणात हा पुरावा मांडला. केंद्राची तयारी सुमारे ५.७ मीटर उंचीच्या लाटेपुरती होती. ११ मार्च २०११ रोजी तेथे सुमारे १४ ते १५ मीटर पाणी चढले. त्या आपत्तीत जपानात १८,००० हून अधिक माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. पुढे सेंदाईत आणखी एक गोष्ट दिसून आली: पाणी वाळूच्याही पलीकडे बरेच आत गेले होते. वाळूची सीमा ही पाण्याची सीमा नव्हे.

ह्यावर कोणी म्हणेल, प्रत्येक शंकेवर हाकाटी करावी काय? नाही. खोटी हाकाटीही निर्दोष नसते. पुढे खऱ्या हाकेवर कोणी विश्वास ठेवीत नाही. म्हणून जाणत्याने पुराव्याला पेलेल तेवढेच बोलावे, पण तेवढे अवश्य बोलावे. ऐकणाऱ्याचे कर्तव्य निराळे आहे. अंधारात दोरी की साप हे ठरले नसता, ‘साप सिद्ध झालेला नाही’ असे म्हणून कोणी त्यावर पाय देत नाही. तो दिवा आणतो आणि तोवर पाय आवरतो. ज्ञानाचा निर्णय पुराव्याने करावा. आचरणाचा निर्णय करताना, चूक झाल्यास तिचे मोल कोण देणार, हेही पाहावे.

वादळे आपल्या पश्चिम किनाऱ्यास परिचित आहेतच. परंतु नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाच्या लाटाही मुंबईपर्यंत आल्या होत्या. संशय दोन प्रकारचा असतो: एक दिवा आणावयास धाडतो, दुसरा डोळे मिटण्यास निमित्त देतो. पहिला विवेक होय. दुसरा केवळ आळस, मग त्याने शास्त्राची भाषा कितीही बोलावी.